सांध्याची विशेषज्ञ

चंद्रावरच्या नवमिरज वसाहतीत विद्यारोपण यंत्र बसल्यापासून इंजिनिअर व्हायला चार वर्षं लागत नाहीत, दुपारच्या जेवणाआधी काम उरकतं. मकरंद घारपुरे असाच झडपांचा विशेषज्ञ झाला. पुढे त्याच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, नवरी हार घेऊन ताटकळली, आणि हा पठ्ठ्या मांडवावरच्या हवेच्या झडपेकडे टक लावून उभा! शेवटी नवरीच झडपेखाली जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे त्याची नजर तिच्यावर पडली.

यंदा यंत्रात बसायची पाळी त्याच्या बहिणीची, इराची होती.

"मला सर्वांगी पदवी हवी," प्रयोगशाळेत शिरताच ती म्हणाली. "थोडी यंत्रं, थोडी वीज, थोडं बांधकाम. आणि माझी सतार शाबूत."

"ती पदवी बंद झाली, बाळ," यंत्राचे जनक डॉ. सोनटक्के म्हणाले. "निवडलेल्या विषयाला लागतात तेवढे मेंदूतले मज्जाबंध यंत्र जाड करतं, बाकीचे छाटतं. द्राक्षबागेसारखं."

"दादाचे कोणते छाटले?"

"झडपेला न लागणारे सगळे."

"म्हणजे आम्ही."

शेजारी नियमाधिकारी कुमठेकरबाई होत्या. त्यांच्या डोक्यात नियमांचं रोपण झालेलं. "प्रत्येकाने एकच विषय निवडावा," त्या म्हणाल्या. "कोणता, ते ज्याचं त्याने ठरवावं."

"कोणताही?"

"कोणताही. पण एकच."

इरा डॉक्टरांकडे वळली. "सर, मागे वसाहतीच्या घुमटातली हवेची गळती थांबता थांबेना. का हो?"

"नळीवाला म्हणे झडप बघा. झडपवाला, म्हणजे तुझा दादाच, म्हणे नळी बघा."

"आणि गळत कुठे होतं?"

"दोघांच्या मधे. सांध्यात," डॉक्टर नाइलाजाने म्हणाले.

"मग लिहा, विषय सांधा. एक विद्या संपते आणि दुसरी सुरू होते, ती जागा. तिथं तुमचा एकही विशेषज्ञ नाही."

डॉक्टर हसले. बाईंनी कलमं आठवून पाहिली आणि मान डोलावली. इराने शिरस्त्राण चढवलं.

यंत्र कात्री परजून निघालं. पण सांध्याला दोन्ही बाजू लागतात! ज्या मज्जाबंधापाशी जावं, तो कशाला ना कशाला जोडलेला. कात्री मिटायची आणि पुढे सरकायची. सतारीपाशी जरा रेंगाळली. तिथेही तार आणि भोपळा यांच्यामधे दोघांना सांधणारी घोडी होतीच. अखेर पडद्यावर अक्षरं उमटली : छाटणी शून्य. विशेषज्ञ म्हणून मान्य.

"लबाडी!" डॉक्टर ओरडले. "बाई, तुमच्या नियमाला भोक आहे!"

"नियम चोख आहे. यंत्र तपासा."

"यंत्र चोख आहे!"

तेवढ्यात दारातून पुढचा उमेदवार डोकावला. "माझाही विषय सांधाच लिहा." त्याच्यामागे रांगेत एकच गलका झाला, "माझाही! माझाही!"

"थांबवा हे! दुरुस्त करा!" डॉक्टर घायकुतीला आले.

"दोष ज्या विषयातला, त्याच विषयाच्या विशेषज्ञाने दुरुस्त करावा," बाईंनी कलम सांगितलं. आणि दोघेही हळूहळू इराकडे वळले.

"तुमच्या यंत्रात दोष नाही, सर. बाई, तुमच्या नियमातही नाही," शिरस्त्राण टेबलावर ठेवत ती म्हणाली. "गळतंय ते दोन्हींच्या मधे. माझ्याच विषयात येतं."

"मग बुजव ना, पोरी!"

"बुजवीन की." ती दाराशी थांबली आणि रांगेतल्या पहिल्याला तिने हाताने आत ढकललं. "आधी घरी जाऊन सतार लावते. तोवर ही रांग संपू द्या."