दांडीवरचा हात

चिक्कडपल्लीतल्या जयवंताची ही गोष्ट. तिच्या सासऱ्यांना, नामदेवरावांना, पक्षाघात झाला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. हा हात आता काही हलायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. त्यांची गाडी मग जयवंताच चालवू लागली.

एका दुपारी ती औषधं आणायला काचीगुड्याला निघाली होती. सिग्नलला गाडी थांबली आणि टिक... टिक... इंडिकेटर लागला. तिने पाहिलं, तर स्टिअरिंगच्या उजव्या बाजूची दांडी वर गेली होती. डावीकडे वळायचा इशारा. तिला तर सरळ जायचं होतं. तिने दांडी खाली केली. दांडी पुन्हा वर गेली, सावकाश, कुणी बोटाने ढकलावी तशी. आणि बंद काचांच्या आत वास सुटला. नारायण तेलाचा.

घरी पोचली तर सासूबाई दारातच उभ्या. डोळ्यांत पाणी.

"जयवंता, अगं हात हलला यांचा! तू औषधाला गेलीस ना, तेव्हाच. मी तेल चोळत होते, अन् हात असा वर उचलला!"

सासूबाईंच्या हातांना तोच नारायण तेलाचा वास येत होता.

मग रोजच व्हायला लागलं. ती गाडीत बसली की इकडे हात हलायचा, आणि घरात आनंद. नवरा, ओमकार, वडिलांच्या उशाशी बसून हसायचा. त्या आनंदात विघ्न कोण घालणार?

पण एका संध्याकाळी नामपल्लीजवळ उजवा इंडिकेटर आपोआप लागला. ती वळणार असं समजून मागचा स्कूटरवाला डावीकडून पुढे घुसला. जयवंता सरळच चालली होती; समोर खड्डा आला, तिने गाडी डावीकडे घेतली. स्कूटर आडवी झाली. मागे बसलेली लहान मुलगी रस्त्यावर पडली. मागून येणाऱ्या बसचा ब्रेक किंचाळला... चाक मुलीच्या वेणीपाशी येऊन थांबलं.

घरी आल्यावर ती सासऱ्यांच्या कानाशी वाकली.

"मामा... गाडीत तुम्हीच असता का?"

नामदेवराव नुसते बघत राहिले. चादरीवरचा हात तसूभर उचलला गेला, आणि खिडकीबाहेरची भिंत लख्ख उजळली. खाली कुलूपबंद गाडीने डिपर मारला होता.

जयवंता रात्रभर रडली. सकाळी गाडी घेऊन करीमभाईंच्या गॅरेजवर गेली.

करीमभाईंनी स्टिअरिंग उतरवलं, खालचा स्विच दाखवला. "ये देखो मॅडम. गाडी मुड के सीधी हुई तो ये खटका दांडी को वापस ढकलता. बंद तो अपने आप होता. चालू करने को हाथ होना."

"बदलून टाका."

"अच्छी है ना अभी..."

"बदला म्हणते ना!"

त्यांनी तारांचा जोड उपटला, दांडीसकट स्विच तळहातावर घेतला. दांडी एकदा वर गेली. खाली आली. पुन्हा अर्धवट वर... आणि तिथेच थरथरत राहिली. करीमभाईंनी स्विच झटकन खाली ठेवला. तेलाचा वास गॅरेजभर पसरला होता.

जयवंताचा फोन वाजला. पलीकडे सासूबाईंचा हंबरडा. तिने पुढचं ऐकलंच नाही.

तेरावं झालं. पाहुण्यांना स्टेशनवर सोडून दोघं परत येत होती. ओमकार शेजारी डोळे मिटून बसला होता. ऊन रणरणत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आणि कोरड्या काचेवर वायपर फिरला. खर्र... करत एकदा. मग पुन्हा.

ओमकारने डोळे उघडले. "तू लावलास?"

जयवंताचे दोन्ही हात चाकावर घट्ट होते. डावीकडची दांडी आपणहून खाली गेली होती.

"अहो..." ती म्हणाली. "तुमचा डावा हात जरा हलवून बघता?"

"काय वेडेपणा..." म्हणत त्याने हात उचलायला घेतला, मग तसाच मांडीवर पडून राहिलेल्या हाताकडे पाहिलं.

आणि पाहतच राहिला.