तुर्दुकानआपाची गोगलगाय

बालिक्चीत वारा पडला, की माणसं दारात येऊन एकमेकांना विचारतात, काय झालं म्हणून. सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेलं हे गाव. घाटातून उलान वारा सुटला की पत्रे वाजतात, दोरीवरचे कपडे तिसऱ्याच्या अंगणात सापडतात, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. अनारकुलची तर नोकरीच या वाऱ्यावर होती. सरोवराकाठच्या हवामान केंद्रात वारा कुठून आला, किती जोरात आला, पाणी किती चढलं, हे ती बघायची. कारण असल्याशिवाय काही हलत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. दार आपटलं तर ती उघडी खिडकी शोधायची. तिची सासू तुर्दुकानआपा जिन्न शोधायची. दोघींचं यावरून रोज वाजायचं आणि दोघींनाही त्यावाचून करमायचं नाही.

नोकरीतून उरलेला वेळ अनारकुल मण्यांना द्यायची. बारा वर्षांच्या फेऱ्यात वर्षाला एक असे बारा प्राणी ती काचेच्या बारीक मण्यांतून उभे करायची: उंदीर, गाय, बिबट्या, ससा, घोडा, माकड. ज्याचा जन्म ज्या वर्षातला, त्यानं तो प्राणी न्यावा. उन्हाळ्यात पोहायला येणाऱ्यांच्या गाड्या हमरस्त्यावर थांबत. तिथे धुरी दिलेले मासे विकणाऱ्या बायकांच्या शेजारी तिचा पाट मांडलेला असे. इतर बायकांचे मण्यांचे प्राणी चपटे असत, किल्लीला लटकवायचे. हिचे आपल्या पायांवर उभे राहत. पोट गोल, मान वळलेली. आत ना कापूस, ना तारेचा सांगाडा. आत नुसती पोकळी. मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक ओळीतून समोरासमोर ओवून ती असा ताण द्यायची, की मणी एकमेकांना धरून उभे राहत. ताण गेला की प्राणी गेला, असं ती म्हणायची.

त्या वर्षी या बारांतल्या उलू या प्राण्याचं वर्ष लागलं आणि तुर्दुकानआपाला मुचोल आलं. आपल्या जन्माचा प्राणी दर बारा वर्षांनी फिरून येतो. ते वर्ष माणसाला जड जातं, असं सगळेच मानतात. त्या वर्षात प्रवास करू नये, भांडू नये, अंगावरचा वापरलेला कपडा कुणाला तरी देऊन टाकावा. अनारकुलची मोठी नणंद बातमा हे सांगायला मुद्दाम आपल्या गावाहून आली. आईचा जुना कोट कुणाला द्यायचा, तेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

"कोट मी देणार नाही," आपा म्हणाली. "थंडी आहे. आणि न भांडता मी वर्ष काढायचं म्हणजे तेव्हाच मेले की."

मग ती सुनेकडे वळली. "अनार, माझा उलू करून दे."

अनारकुल उलूचा ड्रॅगन करत असे, कारण गिऱ्हाईक तोच मागायचं. आपाला तो चालेना. "मिशावाला नको. तो चिन्यांचा. माझी आजी सांगायची, उलू म्हणजे गोगलगाय. सगळे आपल्या वर्षाला घाबरून कोपऱ्यात बसतात. मी त्याला पाहुण्याच्या जागेवर बसवणार आणि रोज त्याच्या तोंडावर चहा पिणार."

बातमाला हे मुळीच पटलं नाही. जड वर्षाला कुणी घरात बोलावतं का, असं ती जाईपर्यंत बोलत राहिली. अनारकुलला मात्र काम आवडलं. शंख करणं अवघड होतं. चहाच्या रंगाचे मणी घेऊन तिनं आतल्या टोकाशी पहिली गाठ मारली आणि वेटोळं बाहेर वाढवत आणलं, पोकळ, तोंडाशी उघडं. तोंडातून राखाडी मण्यांचं अंग काढलं, अंगाला दोन शिंगं, शिंगांच्या टोकांना एकेक काळा मणी. मुठीएवढी गोगलगाय. आपानं ती दाराच्या समोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी, पेटीवर ठेवली आणि पहिल्याच दिवशी तिला सुनावलं, "बघतेस काय? चहा हवा तर उठून घे."

वसंत संपता संपता एका सकाळी अनारकुलच्या लक्षात आलं, की गोगलगायीचं एक शिंग आखूड झालंय. काळा मणी थेट डोक्याला टेकला होता. ताण कुठेतरी सैल पडला असणार, म्हणून तिनं चिमट्यानं शिंग बाहेर ओढलं आणि विसरून गेली. दोन दिवसांनी दोन्ही शिंगं आत होती.

चुलीची ऊब लागत असेल, म्हणून तिनं गोगलगाय थंड खोलीत नेऊन ठेवली. तिथे तर अंगही आखडलं. मग पुन्हा पेटीवर आणून शंखाभोवती खडूची रेघ मारली. शंख रेघेतून जराही हलला नाही, अंग मात्र ओळीओळीनं शंखाच्या तोंडात जात राहिलं. नायलॉन ऊन लागलं तर सैलावतं, थंडीत आखडतं, हे तिला माहीत होतं. पण मणी काही आखडत नाहीत. मग एवढे मणी त्या वेटोळ्यात मावत कसे होते?

त्याच सुमारास आपा गप्प होऊ लागली. आधी टोमणे गेले. चहात मीठ कमी पडलं तरी ती प्यायली. मग वाक्यं तुटक झाली. मग ती भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन निजू लागली. तिच्या पलंगावर दिवसेंदिवस जास्त जागा रिकामी दिसायला लागली. डॉक्टरीणबाई तपासून गेल्या. छाती ठीक आहे, हृदयही ठीक आहे, वय झालंय, म्हणाल्या.

गोगलगायीचं अंग बाहेर ओढलं की त्या संध्याकाळी आपा उठून बसायची आणि शोरबा पातळ झालाय म्हणायची. हे अनारकुलला दिसत होतं, पण मानायचं नव्हतं. केंद्रावर एखादं उपकरण चुकीचं दाखवतंय असं वाटलं, की जी पडताळणी करतात तीच तिनं केली. एक दिवस ओढलं, एक दिवस नाही ओढलं. पुन्हा तसंच. मग पडताळणी थांबवली, कारण ज्या दिवशी ओढलं नव्हतं त्या दिवशी आपानं तिला ओळखलं नाही.

तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं. मेदेर रेल्वेच्या कामावरचा, आडदांड, कमी बोलणारा गडी. "दोराच तो, ओढला की येणार," म्हणत त्यानं दोन बोटांत गोगलगायीचं तोंड धरलं आणि ओढलं. मग हात झटकन मागे घेतला. तो अंगणात गेला आणि आधीच फोडून रचलेली लाकडं पुन्हा फोडत बसला.

बातमा पांढरं कापड घेऊन आली. मयताचा तंबू अंगणात कुठे उभारायचा, कुठली मेंढी कापायची, कुणाकुणाला कळवायचं, हे ती हळू आवाजात भावाशी बोलू लागली. पलंग तिथून दोन हातांवर होता. अनारकुलनं चहाची किटली खाली ठेवली आणि हे बोलणं या घरात चालणार नाही, असं सांगितलं.

"तिला सुखानं जाऊ दे," बातमा म्हणाली. "तिचं वर्षच आहे. तू का धरून बसलीस?"

"एजे," थोरल्या बहिणीला मारायची ती हाक मारून अनारकुलनं विचारलं, "त्यांना जायचंय असं त्या म्हणाल्या?"

"असं कुणी म्हणतं का?"

"त्या म्हणाल्या असत्या. त्या सगळं म्हणतात."

बातमाचे डोळे भरले. ती वाईट बाई नव्हती. आईची आबाळ होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पेटीकडे बोट करून तिनं विनवलं, ते ध्यान तरी चुलीत टाक, तेव्हापासूनच सगळं बिघडलंय.

"कसं टाकू?" अनारकुल म्हणाली. "त्या आत आहेत."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. मेदेरनं मान वर केली नाही. बातमा त्या शंखाकडे बघत राहिली आणि तिनं पांढरं कापड हळूच पाठीमागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. पत्रे गप्प झाले. सरोवर काचेसारखं पडून राहिलं आणि शेजारीपाजारी दारात आले. अनारकुलनं पेटीवर पाहिलं. अंग नव्हतं. शंखाच्या तोंडात, अगदी आत, दोन काळे मणी तेवढे चमकत होते. पलंगावर आपा एवढीशी झाली होती. श्वास चालू आहे की नाही, ते बघायला आरसा धरावा लागला.

अनारकुल शंख मांडीवर घेऊन पलंगाशी बसली. चिमटा आत घातला. काळ्या मण्यामागचा दोरा सापडला. तो तिनं तर्जनीला गुंडाळला आणि ओढला.

आतून कुणीतरी ओढला.

ताणलेला दोरा परत जातो, तसं ते नव्हतं. वासराच्या गळ्यातली दोरी ओढावी आणि वासरानं पाय रोवावेत, तसं होतं. मध्येच सैल पडायचं, तिची पकड ढिली होण्याची वाट बघायचं, आणि मग एकदम हिसका.

दोरा बोटात रुतला. रक्त मण्यांवर उतरलं.

"आपा माझी आहे," ती शंखाच्या तोंडाशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्याशी भांडायला ती मला हवी आहे. तुम्ही कितीही असा. मी सोडणार नाही."

एक ओळ बाहेर आली. मग दुसरी. डोकं आलं, मान आली, सगळं राखाडी अंग आलं.

अंग संपलं. दोरा संपला नाही.

आता पांढरे मणी येऊ लागले. ते तिनं ओवले नव्हते. वेडेवाकडे, हातानं भोक पाडलेले, सरोवराच्या तळातल्या खड्यांसारखे गार. त्यांची माळ तिच्या मांडीवरून जमिनीवर उतरली, आणि ओढ आणखी वाढली. अनारकुल बसल्या जागेवरून पुढे सरकली. तिची मूठ शंखाच्या तोंडाला जाऊन भिडली.

तेवढ्यात मागून दोन हातांनी तिच्या कमरेला विळखा घातला. बातमा होती. तिनं पलंगाच्या कडेला पाय लावले आणि मागे रेटा दिला.

दोघी ओढत राहिल्या.

दोरा तुटला नाही. एकाएकी सुटला.

दोघी उताण्या पडल्या. बाहेर कुठेतरी एक पत्रा वाजला, मग दुसरा.

पलंगावरून आवाज आला. घोगरा, चिडका.

"किती हळू ओढतेस गं. घरात खायला मिळत नाही का तुला?"

आपाच्या उजव्या मनगटाभोवती दोरा रुतल्यासारखा लाल वळ होता. तिनं चहा मागितला, त्यात मीठ कमी आहे म्हणून परत दिला, आणि लेकीच्या खांद्यावरचं पांढरं कापड बघून ते कुणासाठी आणलंय असं विचारलं. बातमा त्याची घडी घालू लागली. "पडद्याला होईल," आपा म्हणाली. संध्याकाळी ती भिंत धरत उठली, शंख जमिनीवर ठेवायला लावला आणि टाचेनं त्याचा चुरा केला. अनारकुलनं काचा झाडून घेतल्या. चहाच्या रंगाचे तुकडे मिळाले, राखाडी मणी मिळाले. पांढरा एकही मिळाला नाही. पलंगाखाली, पेटीमागे, जमिनीवरच्या लोकरी शिर्डाकच्या घडीत तिनं सगळीकडे शोधलं.

आपा सुधारली. शरदात ती शेजारणीशी भांडली, हिवाळ्यात दोनदा बसनं लेकीच्या गावी जाऊन आली. उलूचं वर्ष सरलं, सापाचं लागलं, आणि वसंतातल्या नोरूझच्या सणाला घर माणसांनी भरलं. मुचोल पार केलेल्या म्हातारीला बघायला सगळा मोहल्ला आला. ती दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी, नवा झगा घालून बसली होती आणि ज्यांनी ज्यांनी तिच्या मरणाची तयारी केली होती त्यांना नावानिशी टोचत होती. बातमा सगळ्यात मोठ्यानं हसत होती.

पाहुणे गेल्यावर दुपारच्या उन्हात तिघीच उरल्या. अनारकुल उरलेले तळलेले बोर्सोक गोळा करत होती, बातमा पेले पुसत होती. इतके महिने विचारलं नव्हतं ते अनारकुलनं तेव्हा विचारलं. आत काय होतं?

अरुंद होतं, आपा म्हणाली. गुळगुळीत, वळत जाणारं. पुढे माणसं होती, एकामागे एक, सगळ्यांची पाठ. कुणी मागे बघत नव्हतं. "तुझा दोरा हाताला लागला आणि मी उलटी फिरले. आतून आरडाओरडा झाला. वाट अडवली ना मी. पण मी कशाला ऐकते?"

"आणि मग?"

"मग एकीनं मागून माझ्या झग्याचा घेर धरला. हात लहानसा होता. म्हटलं, धर. घरात जागा आहे."

बातमाचं पुसणं थांबलं. अनारकुलनं किटली उचलली, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

"अशा काय बघता?" आपा म्हणाली. "एकटीच यायचं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी आणलीच असती."

असं म्हणून ती उठली, रोटी घ्यायला दोन पावलं गेली, परत आली आणि जागेवर बसली. नव्या झग्याचा घेर तिच्याभोवती पसरला. मागचा काठ मात्र खाली आला नाही. एका ठिकाणी चुण्या पडून, जमिनीपासून वीतभर उंच, तो तसाच थांबला. मग एकेक चुणी सुटत गेली, आणि काठ हळूच शिर्डाकवर टेकला.