नावाचं शेपूट

"पांढरी अंडी आहेत का?"

पाऊस नुकताच भुरभुरायला लागला होता. ईस्टरचा आठवडा म्हणजे आमच्या पोल्ट्रीवर श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि हा चष्म्यावर पाणी, पँटचा पाय सायकलच्या साखळीत काळा झालेला उंच मुलगा शेडच्या दारात उभा राहून रंग विचारत होता.

"ही समोर आहेत ती काय बटाटे वाटली?" मी म्हटलं.

"अंडीच आहेत. पण तपकिरी आहेत. मला पांढरी हवीत."

"मग कोंबड्यांना सांगून बघा. माझं तर एक ऐकत नाहीत."

तो हसला नाही. चष्मा काढला, ओल्या शर्टालाच पुसला, तो आणखी धुरकट झाला, आणि तसाच डोळ्यांवर चढवून म्हणाला, "आई कांद्याच्या सालीत उकडते. मग चाकूच्या टोकानं खरवडून नक्षी काढते. पांढऱ्यावर उठून दिसते ना, म्हणून..." आणि त्याचे कान लालबुंद झाले. अंड्यांबद्दल बोलताना लाजणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात बाबा आले. आमच्या माल्टाच्या माणसांना अनोळखी माणूस दिसला की एकच प्रश्न पडतो, मग ते माल्टात असोत की मेलबर्नच्या या पश्चिम टोकाला, सेंट ऑल्बन्सच्या चिखलात.

"कुणाचा रे तू?"

"आर्विदास नोर्कुस."

"ते नाव झालं. कुणाचा?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे घराण्याचं टोपणनाव. आम्ही 'ताल-बाईद', अंडीवाले. समोरचे 'लंगड्याचे', पलीकडचे 'घंटेवाले'. एवढं सांगितलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. हे त्या बिचाऱ्या लिथुआनियन मुलाला काय माहीत! तो जरा विचारात पडला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "आईचा."

बाबा खो खो हसले. मी पण हसले. पण ते उत्तर किती खरं होतं ते पुढे मला चांगलंच कळणार होतं.

तपकिरी अंडी न घेताच तो गेला. ईस्टर झाल्यावर मात्र परत आला, या वेळी काखेत कागद घेऊन. युनिव्हर्सिटीत शिकत होता. त्याची माणसं आणि आमची माणसं दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण त्याच वर्षांत इथे आली, त्याच कारखान्यांत राबली. पंचवीस वर्षांनी कोण कुठे पोचलं, घर कुणाचं, पोरं किती शिकली, हे त्याला दारोदार जाऊन विचारायचं होतं. लिथुआनियन घरांत चहा मिळत होता. आमच्या लोकांनी मात्र दार उघडून "कुणाचा?" विचारलं होतं आणि लगेच लावून घेतलं होतं.

"तुम्ही बरोबर आलात तर..." तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मला काय मिळेल?"

"आईनं नक्षी काढलेलं एक अंडं."

"अंडं? मला? वा रे वा, समुद्राला मीठ द्या तुम्ही!"

पण गेले. त्या हिवाळ्यातले सगळे रविवार गेले. एकाच छत्रीतून, आधी हातभर अंतर ठेवून, मग तेवढंही न ठेवता.

आमच्याकडे विटांची घरं, पै अन् पै फिटलेली. पुढच्या खोलीत काचेचं कपाट, संतांची मूर्ती, आणि कोणी बसत नाही असा सोफा. खरा संसार मागच्या गॅरेजमध्ये, तिथे दुसरं स्वयंपाकघर. "शिक्षण किती?" विचारलं की बायका हात पुसत उठायच्या आणि आणखी केक आणायच्या. त्याच्या लोकांकडे लाकडी घरं, गळकी पन्हाळी, आणि भिंतभर पुस्तकं. एका घरात म्हातारा डॉक्टर होता, त्यानं इथे वीस वर्षं हॉस्पिटलच्या फरश्या पुसल्या होत्या. त्याची मुलगी आता त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. हे सांगताना तो हसत होता, आणि मला कुठे बघावं कळेना.

"तुमच्याकडे गॅरेजमध्ये पण स्वयंपाकघर," आर्विदास बाहेर आल्यावर म्हणाला.

"आणि तुमच्याकडे न्हाणीघरात पण पुस्तकं! अंघोळ करता की परीक्षा देता?"

एकदा आमच्याच घरचा कागद भरायची वेळ आली. घर आपलं? हो. गाड्या? दोन ट्रक. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "तुमचं शिक्षण, जोर्जीना?"

"पंधराव्या वर्षी सोडलं."

"का?"

"अंडी कोण भरणार मग?" मी हसून म्हटलं. मला हसायची सवयच होती त्यावर.

त्यानं लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे बघत राहिला, दया नाही, काही नाही, नुसतं बघणं... माझ्या वाटची चीड जणू त्याला येत होती. माझं हसू तिथल्या तिथे गळून पडलं. खरं सांगते, मी त्या क्षणी प्रेमात पडले.

त्यालाही सांगायचं होतं बहुतेक. पुढच्या रविवारी पुलावर थांबला, घसा खाकरला, छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "आईला भेटाल?"

"असं विचारतात होय मुलीला?"

"आमच्याकडे... असंच विचारतात."

गेले. निळा झगा घातला, केसांना पिन लावल्या, दार उघडणाऱ्या बाईंना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "नमस्कार, मिसेस नोर्कुस."

त्या किडकिडीत, ताठ बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"त्या नावाची बाई या घरात राहत नाही."

मला वाटलं दार चुकलं! पण मागे आर्विदास कान लाल करून उभा होता. त्यानंच मग चहा होईपर्यंत समजावलं. त्यांच्याकडे नावाला शेपूट असतं. पुरुष नोर्कुस. त्याची मुलगी नोर्कुते. त्याची बायको नोर्किएने. शेपूट ऐकलं की बाई कुणाची लेक की कुणाची बायको, ते कळतं. बंदरावरच्या कारकुनाला ही भानगड नको होती. त्यानं सगळ्यांना नोर्कुस करून टाकलं.

"नवरा तिकडे न्यायाधीश होता," बाई म्हणाल्या. "इथे रेल्वेच्या कारखान्यात झाडू मारला त्यानं. माझी तक्रार नाही. मी ऑफिसं धुतली, त्याचीही नाही. देश गेला, घर गेलं, तो पण गेला. नाव तेवढं होतं. तेही अर्धं कापलं."

आर्विदास लाकडं आणायला मागे गेला, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"मुली, तू चांगली आहेस. तुझ्या वडिलांचं घर माझ्या घराच्या चौपट आहे तेही मला ठाऊक आहे. पण आम्ही मूठभर उरलोय. देशात आहेत त्यांच्या तोंडाला रशियनांनी कुलूप घातलंय. इथे एकेकानं बाहेरची केली तर माझं नाव नीट घेणारंसुद्धा कोणी राहणार नाही. मला एकच मुलगा आहे. आणि... तू शाळेतही फारशी गेलेली नाहीस."

माझं डोकं सणकलं. उठून जाणार होते, पण गेले नाही.

"नाही गेले शाळेत," मी म्हटलं. "पण नाव कापलं जाणं म्हणजे काय ते मला शिकवू नका. कागदावर मी फर्रूजा आहे. आमच्या रस्त्यावर दगड मारा, फर्रूजालाच लागेल. आम्हाला लोक ओळखतात ते अंडीवाले म्हणून. पणजी डोक्यावर टोपली घेऊन गावभर फिरायची, तेव्हापासून. ते नाव पासपोर्टवर नाही, घराच्या कागदावर नाही. तुमच्या मुलाच्या कागदावरसुद्धा त्याला रकाना नाही. मागच्या वर्षी आजी गेली. पेपरात छापून आलं, कार्मेला फर्रूजा. कुठली कार्मेला फर्रूजा? कुणाला कळलंच नाही हो! अर्ध्या सेंट ऑल्बन्सनं तिच्या हातची अंडी खाल्ली होती, आणि मातीला आम्ही घरचेच. अंडीवाल्यांची कार्मेला गेली एवढं छापलं असतं ना, तर चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसती."

मला रडू फुटलं. परक्या बाईच्या घरात, त्यांच्या पुस्तकांसमोर, नाक ओढत रडले मी. बाई जवळ आल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या.

मी डोळे पुसले. "येते मी, नोर्किएने बाई," एवढंच म्हटलं, शेपटासकट, आणि निघाले.

आठवड्यानं आर्विदास आला. शेडच्या दारात तसाच, ओला.

"आई नाही म्हणत नाही. पण हो पण म्हणत नाही. आणि मी..." त्यानं चष्मा काढला. "माझं तुमच्यावर प्रेम आहे, जोर्जीना. घरोघर एवढं विचारत फिरलो, पण हे एक वाक्य... मी तिला सोडून येऊ का? तुम्ही म्हणालात तर येतो."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी झुरत होते ते असं यावं!

"नको," मी म्हटलं. "बाबांना तुम्ही कुणाचे म्हणून सांगितलं होतं आठवतंय? आईचा. तिला सोडून आलेला माणूस कुणाचाच उरणार नाही, मग मी त्याचं काय करू? प्रेम माझंही आहे. खूप आहे. पण मागच्या दारानं मी यायची नाही आणि तुम्हीही यायचं नाही."

त्यानं सायकल वळवली. जाताना मी विचारलं, नुसतं त्याला आणखी घटकाभर थांबवायला, "तुमच्या त्या अभ्यासातून निघालं काय शेवटी?"

"तुम्हाला परत जाता येत होतं, तरी राहायचं ठरवलंत, म्हणून घरं बांधलीत," तो म्हणाला. "आम्ही पळून आलो. पळताना घर उचलता येत नाही. म्हणून पोरांच्या डोक्यात जे भरता येईल ते भरलं." मग हळूच म्हणाला, "तुमच्या नावाचा रकाना घालायला हवा होता. प्राध्यापक म्हणाले, आता उशीर झाला."

तो गेला. बाबा म्हणाले, बरं झालं, पुस्तकं काय तळून खाणार होतीस? आणि संध्याकाळी माझं जेवण झाकून ठेवून स्वतःच अंडी भरायला बसले. वसंत गेला, उन्हाळा गेला. एक दिवस असा गेला नाही की शेडच्या दारात सायकल वाजल्याचा भास झाला नाही. कसली भेट नाही, निरोप नाही. मी म्हटलं होतं ना, मागचं दार नाही. माझ्याच जिभेला शिव्या घालत होते मी.

मग पुन्हा ईस्टरचा आठवडा आला. पुन्हा तीच भुरभूर.

"अंडी आहेत का?"

मी मान वर केली. डोक्याला रुमाल बांधलेल्या, ताठ, किडकिडीत बाई दारात उभ्या होत्या.

"पांढरी नाहीत," माझ्या तोंडून निघालं.

"तपकिरी चालतील." त्यांनी पिशवीतून हातरुमालाची पुरचुंडी काढली. "मी तपकिरी अंडं कधी खरवडूनच बघितलं नव्हतं. या वर्षी बघितलं. तेही आतून पांढरंच निघतं."

पुरचुंडीत एक अंडं होतं. कांद्याच्या सालीनं काळपट लाल झालेलं, त्यावर सूर्य, नेच्याची पानं, इतकी बारीक की श्वास लागला तर पुसतील असं वाटावं. आणि खाली अक्षरं. मी एकेक अक्षर लावत वाचलं.

नोर्किएने.

"हे... तुमचं नाव," मी म्हटलं.

"माझं कशाला लिहीन? माझं मला पाठ आहे." त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "तू त्या दिवशी गेलीस तेव्हा नीट घेतलंस ते नाव. पंचवीस वर्षांत या देशातल्या एकाही बाहेरच्या माणसानं घेतलं नव्हतं. मी रोज विचार करत होते गं. हट्टी आहे मी, वेळ लागला."

काय सांगू, छातीशी धरलं मी ते अंडं दोन्ही हातांनी. फाटकाबाहेर सायकल धरून आर्विदास भिजत उभा होता. आईनं बोलावल्याशिवाय आत यायचं नाही असं ठरलेलं दिसत होतं. चष्म्यातून त्याला काही दिसत तरी होतं की नाही देव जाणे.

पाठीमागून बाबा आले. टोपी डोळ्यांवर, हाताला कोंड्याची भुकटी. त्यांनी बाईंना खालून वर न्याहाळलं, आणि आयुष्यभर प्रत्येकाला विचारलेला तोच प्रश्न विचारला.

"कुणाच्या तुम्ही, बाई?"

बाईंनी मागे वळून फाटकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, हलका, हाडकुळा, गार.

"हिची," त्या म्हणाल्या.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मग पावसात काय उभ्या राहिलात?" ते म्हणाले. "आत या. आणि त्या आईच्यालाही बोलवा."