दानीएलबाबांची जागा

बेलखेड्याच्या चर्चमध्ये शिरताना आता दोन कामं करावी लागतात. दारात चपला काढायच्या आणि टोपलीतला शिंपी उचलून कानात घालायचा. टोपली बांबूची आहे. पूर्वी हंगामाच्या सणाला तिच्यातून वांगी यायची. शिंपी म्हणजे हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या दोन गोळ्या, एकेका कानात एकेक. कारखान्यातलं त्याचं नाव 'स्वरजुळणी', पण ते काही गावाच्या जिभेवर बसलं नाही. अंगाच्या मापाने सदरा शिवावा तसं हे यंत्र गळ्याच्या मापाने गाणं शिवून देतं, मग त्याला शिंपी नाही तर काय म्हणायचं?

यंदाच्या हंगामाच्या सणाला टोपली लवकर रिकामी झाली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण त्या दिवशी बेलखेड्यात उलटंच चाललं होतं. खुद्द 'खमीर' बँड गावात आला होता, आणि ज्यांनी वर्षभर चर्चची पायरी चढली नव्हती तेही इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या बाकांवर बसले होते.

"सलाम, पाळकसाहेब," म्हणत प्रिस्का उजागरे वेदीजवळ आली. खमीरची गायिका ती, आणि गाणी लिहिणारीही तीच. ड्रमवर तिचा चुलतभाऊ योना. बाहेर ओसरीवर तारा पसरून बसलेला तीमथी ध्वनिमुद्रणाचं बघायचा. नव्या अल्बममध्ये पहिल्याच गाण्याचं शेवटचं कडवं बेलखेड्याच्या मंडळीच्या आवाजात हवं, असा प्रिस्काचा हट्ट होता. कंपनीने नाक मुरडलं होतं. प्रिस्काने सांगितलं, ते कडवं नसेल तर अल्बमही नाही.

या हट्टामागे कारण होतं. खमीर जन्माला आला तो याच सणाच्या लिलावात. हंगामाच्या सणाला इथे शेतातलं पहिलं पीक देवाला वाहतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव करतात. ज्याला शेत नाही तो कोंबडी आणतो, अंडं आणतो. बोली जिंकणारा बहुतेक वेळा वस्तू परत देतो, पुन्हा बोली लागते. प्रिस्काच्या रिबका आत्याने आणलेली कोंबडी त्या वर्षी इतक्यांदा विकली गेली, की शेवटी तिला स्वतःलाच कळेना आपला मालक कोण. त्या कोंबडीच्या जिवावर तरुण संघाचा पहिला ड्रमसेट आला. पंचांनी कुरकुर केली, देवाच्या घरात हा धांगडधिंगा कशाला म्हणाले. आत्या म्हणाली, "कोंबडी माझी व्हती, धांगडधिंगाबी माझाच समजा." विषय संपला.

पोरांचं पहिलं गाणं होतं 'राखणदार'. त्याचा शेवट असा:

शेत तुझे, पाणी तुझे,
आम्ही नुसते राखणदार.

शेवटचं कडवं वाद्यं थांबवून नुसत्या गळ्याने म्हणायचं, ही इथली जुनी रीत. तेव्हा खिडकीजवळच्या बाकावर दानीएलबाबा बसायचे. छातीचं दुखणं होतं त्यांना. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दापाशी त्यांचा दम संपायचा. सगळी मंडळी तिथे थांबायची. बाबा श्वास घ्यायचे, मान हलवायचे, मगच शेवटचा शब्द सगळे मिळून म्हणायचे. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पोरांना वाटायचं, गाणं असंच असतं.

पुण्याच्या स्टुडिओत पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा 'आम्ही नुसते' म्हणून बँडमधले चौघंही गप्प बसले. काचेपलीकडच्या माणसाला वाटलं, वीज गेली. पोरं सवयीने दानीएलबाबांसाठी थांबली होती, आणि बाबा तर तिकडे बेलखेड्यात शेंगा सोलत बसलेले! चूक लक्षात आली तेव्हा सगळे पोट धरून हसले. पण त्या माणसाने ती जागा काढू दिली नाही. गाणं तिथेच उचललं गेलं. चर्चचं तोंड न पाहिलेल्यांच्या लग्नांतही ते वाजू लागलं. मग चेन्नई झालं, शिलाँग झालं, पार नैरोबीपर्यंत खमीर जाऊन आला. 'खमीरची थांब' म्हणून ती जागा गाजली आणि दुसऱ्या बँडांनी तिची नक्कलही केली. कुणाच्याही नकलेत बाबा नव्हते, त्यामुळे ती नुसतीच शांतता व्हायची.

मग शिंपी आला, आणि खमीरने तो हौसेने उचलला. कुणाचा गळा उंच, कुणाचा खोल. शिंपी बाहेरचा आवाज अडवून ऐकणाऱ्याच्या गळ्याला झेपेल त्या पट्टीत आणि त्याच्या श्वासाला जमेल त्या लयीत गाणं त्याच्या कानात सोडायचा. तुम्ही गायलात तर तुमचाच आवाज सुरात आणून तुम्हाला ऐकवायचा, भोवतालचे आवाजही तुमच्याशी जुळवून घ्यायचा. मैदानभर माणसं डोळे मिटून गाऊ लागली. खमीरची तिकिटं मिळेनाशी झाली. पहिल्या कृतज्ञतेत पोरांनी बेलखेड्याच्या मंडळीला टोपलीभर शिंपी भेट दिले.

त्या भेटीचं खरं सोनं केलं ते रिबका आत्याने. लहानपणी गायनाच्या मास्तरांनी तिला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून ती जन्मभर ओठच हलवत आली होती. शिंपी कानात घातला आणि बाई गाऊ लागली. रविवारी तर गायचीच, पण कालवणाला फोडणी देतानाही गायची. प्रिस्काला फोन करून म्हणाली होती, "आगं, माझा आवाज ग्वाड हाय की! कुणी सांगितलंच न्हाई!" त्या दिवशी प्रिस्का फोन ठेवून रडली होती. इतका आनंद तिला कुठल्याच मैदानात झाला नव्हता.

उपासना सुरू झाली. 'राखणदार'ची पहिली कडवी झोकात झाली. चाचणीसाठी शेवटचं कडवंही एकदा म्हणून घेतलं. प्रिस्काच्या कानातल्या शिंप्यात मंडळीचा आवाज एकसंध, दुधावरच्या सायीसारखा आला. तेवढ्यात तीमथीने दारातून हात केला. पाळकसाहेबांना जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचायला सांगून ती आणि योना ओसरीवर गेले.

"शिंपी काढ आणि हे ऐक," तीमथीने तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले. "माइकमध्ये आलंय ते हे."

प्रिस्काने ऐकलं, मग योनानेही. बाजाराच्या दिवसाचा गलका असावा तसं वाटलं. कुणी कडवं संपवून बसलं होतं, कुणी अजून अर्ध्यात होतं. पट्ट्या तर जितकी माणसं तितक्या. आणि थांब कुठेच नव्हती. शिंप्याच्या लेखी ती रिकामी जागा होती, ती त्याने कापून टाकली होती.

"यंत्र बिघडलंय?" योनाने विचारलं.

"अजिबात नाही," तीमथी म्हणाला. "प्रत्येकाला आपलं गाणं झकास ऐकू येतंय. आता कुणाला कुणासाठी थांबायची गरजच नाही ना."

प्रिस्काने दारातून आत पाहिलं. सगळ्यांचे चेहरे तृप्त होते. दानीएलबाबा जाऊन आता बराच काळ झाला होता. त्यांच्या खिडकीजवळच्या बाकावर रिबका आत्या बसली होती आणि हसत होती.

"मग सांगू सगळ्यांना काढायला," योना म्हणाला. "एका कडव्याचा तर प्रश्न आहे."

"आणि आत्या?"

आत्याचा आवाज त्या गलक्यात योनानेही ओळखला होता. मास्तर निर्दय होते, पण खोटारडे नव्हते.

प्रिस्काला खूप भीती वाटली. कडवं मिळालं नाही तर अल्बम जाईल, ते चालेल. पण आत्याचा आवाज आपल्याच हाताने काढून घेतला, तर त्या कोंबडीचं ऋण कुठे फेडायचं? ती सरळ आत्याच्या बाकापाशी गेली, खाली बसली आणि कानाला हात लावून खूण केली. आत्याने एक गोळी काढली.

"आत्या, मला मंडळीचं गाणं शिंप्याशिवाय हवंय. तू नको म्हणालीस तर नाही घेणार."

आत्याने हातातली गोळी पदराने पुसली. "म्हंजी माझा आवाज ग्वाड न्हाई."

खोटं बोलणं सोपं होतं. प्रिस्काने मान खाली घातली. "नाही गं."

"वाटलंच मला," आत्या म्हणाली. "गायला लागले की मांजर पळून जायचं." मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात लिलावाच्या कोंबड्या पाय बांधून ठेवल्या होत्या. "जा. सांग समद्यांना. पर माझ्याकडं बघू नकोस."

प्रिस्का पुढे आली. तिने हाताने खुणा केल्या तेव्हा कुठे एकेकाने कान मोकळे केले. "मला तुमचा आवाज हवाय," ती म्हणाली. "असेल तसा. ज्याला वाटेल त्यानेच गा." लोक एकमेकांकडे बघू लागले. पंखा इतका कुरकुरतो हे मंडळीला कितीतरी वर्षांनी कळलं.

योनाने काठ्या वर धरल्या आणि वाद्यं गप्पच ठेवली. पहिली ओळ फाटकी आली. कुणी पुढे धावलं, कुणी दचकून थांबलं. दुसऱ्या ओळीला माणसं शेजाऱ्याकडे कान देऊन गाऊ लागली. पळणारे हळू झाले, मागचे भरभर आले. 'शेत तुझे, पाणी तुझे' म्हणताना आवाज ओबडधोबड का होईना, एका वाटेवर आला. ओसरीवर तीमथीने यंत्रावरचे हात उचलले आणि तो नुसता ऐकत राहिला.

'आम्ही नुसते' म्हणून झालं आणि मंडळी थांबली. कुणीही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यांना आठवलं आणि त्यांच्याकडे बघून बाकीचे थांबले. सगळ्यांच्या नजरा सवयीने खिडकीजवळच्या बाकाकडे वळल्या.

तिथे आत्या होती. दोन्ही गोळ्या तिच्या मुठीत होत्या आणि ओठ मिटलेले होते. त्या बाकावरून आवाज आलाच नव्हता; इतका वेळ ती नुसते ओठ हलवत होती, हे आता सगळ्यांना कळलं. तिने मागे वळून पाहिलं, की आणखी कुणी यायचं राहिलंय का.

"का रे थांबलात?" तिने विचारलं. उघड्या कानांनी सगळ्यांना ते ऐकू गेलं.

"तुझ्यासाठी, आत्या," योना म्हणाला. काठ्या त्याने अजून वरच धरल्या होत्या.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मागच्या बाकावरची माणसंही उठून उभी राहिली. आत्याने पदर सावरला, मूठ उघडून गोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि त्या बाकावर ठेवल्या. मग मोठा श्वास घेतला.

"आन् म्या चुकले," ती म्हणाली, "तर फुडच्या रविवारीबी थांबाल का?"