हिच्याकडे जागा आहे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी रंगवून सांगत नाहीये. रंगवायला गोष्ट संपलेली तरी हवी ना...

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ. नदीकाठचा गरम पाण्याचा झरा.

आम्ही दोघीच. मी आणि माझी सख्खी ताई.

मी लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभं राहून माझ्या गुडघ्यांचे पार बारा वाजलेत. ताई म्हणाली, "चल, तुला झऱ्यावर नेते. एकदा बसलीस की बघ, नाचत घरी येशील."

मला भरूनच आलं. आई गेली तेव्हापासून ताईच माझी आई. त्यात मधले काही महिने ती माझ्याशी तुटक वागत होती. घरी गेले तर जवळ बसू द्यायची नाही. भर उन्हाळ्यात अंगावर शाल. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असेल.

आणि एक गंमत होती. म्हणजे तेव्हा ती मला गंमत वाटली होती.

ताईच्या घरच्या चादरी माझ्याकडेच इस्त्रीला येत. प्रत्येक चादर डाव्या बाजूला... गार. दमट. कितीही इस्त्री फिरवा, तेवढा पट्टा वाळायचाच नाही. ताईची मुलगी छबू, सहा वर्षांची, तिच्याच शेजारी झोपते. मी छबूला चिडवलं, "काय गं, अजून गादी ओली करतेस?"

"मी नाही, मावशी! शप्पथ!" छबू रडकुंडीला आली.

ताईने तिला उचलून आत नेलं.

झऱ्यावर जाताना गाडी ताईच चालवत होती. हीटर फुल्ल. मी पुढे बसायला गेले, तर म्हणाली, "मागे बस. पाय लांब करता येतील."

तिच्या शेजारची सीट रिकामीच राहिली. तिला पट्टा मात्र लावलेला होता.

मी म्हटलं, "हे काय गं?"

"असू दे," ती म्हणाली.

तो झरा म्हणजे फार मोठं काही नाही. नदीच्या कडेला दगडांचं एक गोल कडं रचलंय. खालून कढत पाणी येतं. फारच भाजलं तर एक दगड काढायचा, नदीचं गार पाणी आत घ्यायचं, आणि दगड परत लावायचा. आत चार-पाच माणसं दाटीवाटीने बसतात. म्हणून तिथे एक रीत पडलीय. नवीन येणारा काठावरून विचारतो, "जागा आहे का?" आत बसलेल्याने सरकायचं आणि म्हणायचं, "या." बस, इतकंच.

काठावर टॉवेल देणाऱ्या काकू बसल्या होत्या. ताईला बघून म्हणाल्या, "आज कुणाला तरी घेऊन आलात. बरं केलंत."

"धाकटी बहीण," ताई म्हणाली.

काकूंचा हात टॉवेलवरच थांबला. "सख्खी?"

ताई चपला काढायला वाकली. काकूंनी माझ्याकडे न बघताच टॉवेल पुढे केला.

पाण्यात उतरले आणि खरं सांगते, स्वर्ग. गुडघ्यांतली कळ विरघळत गेली. ताईने माझा हात हातात घेतला. कितीतरी महिन्यांनी! मी डोळे मिटून घेतले. लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. ती हसलीसुद्धा.

मग मला ते दिसलं.

दिवसभर वाफेत काम करणारी बाई मी. वाफ कशी उठते ते मला चांगलं ठाऊक आहे. सगळ्या पाण्यावरून वाफ निघत होती. फक्त ताईच्या डाव्या बाजूला... माणूसभर जागेत... काहीच नाही.

नदीचा आवाज बंद झाला. कमी नाही झाला. बंदच झाला.

आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी अगदी अदबीने विचारलं...

"जागा आहे का?"

बाईचा की पुरुषाचा, आजही सांगता येणार नाही. मी मान वळवणार, तेवढ्यात ताईने माझा हात घट्ट दाबला. समोर नदीकडे बघत ती स्पष्ट म्हणाली,

"माझ्याकडे नाही. हिच्याकडे आहे."

मला काय माहीत! मी आपली रीत पाळली. उजवीकडे सरकले आणि म्हटलं, "या ना."

ताईने माझा हात सोडला.

पाणी हळूच वर चढलं आणि कड्याच्या दगडांवरून बाहेर सांडलं. कुणीतरी आत उतरून बसावं तसं.

मी डावीकडे पाहिलं.

कुणी नव्हतं.

पण त्या कढत पाण्यात माझा डावा खांदा, कंबर, मांडी... बर्फासारखी गार पडत गेली. आता वाफ माझ्या शेजारून उठत नव्हती.

"ताई..."

ती केव्हाच उठली होती. दगडांवरून घसरत, पडत, काठाकडे पळत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

परत येताना ती गाडीत म्हणाली, "किती उकडतंय!" आणि तिने हीटर बंद केला. मी मागे कुडकुडत होते. तिने शाल काढून माझ्याकडे फेकली. आरशात माझ्याशी नजर मात्र मिळवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन भांडले. ओरडले. काय आहे ते, कोण आहे, सांग.

"मला तरी कुठे माहीत आहे!" ती रडत म्हणाली. "मी एकटी बसले होते तेव्हा विचारलं. मी 'या' म्हटलं. तेव्हापासून... छबू माझ्या त्याच बाजूला झोपते गं. सकाळी तिचे ओठ निळे असायचे. दुसरीकडे झोपवलं तर उठून परत तिथेच यायची. मी काय करणार होते?"

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

आले असते. छबूसाठी मी आपणहून त्या पाण्यात उतरले असते. तिने विचारलंच नाही, याचा घाव त्या गारठ्यापेक्षा खोल आहे. मला फसवून नेलं तिने. माझ्या गुडघ्यांचं निमित्त करून.

आता माझ्याच चादरी वाळत नाहीत.

काल छबूचा फोन आला. गाल छान लाल झालेत म्हणे तिचे. तिला सुट्टी लागलीय. दर सुट्टीत ती माझ्याकडे येते, माझ्या कुशीत झोपते.

"मावशी, मी येऊ? तुझ्याकडे जागा आहे का?"

मी म्हटलं, "नाही गं राणी. या वेळी जागा नाही."

ती रडायला लागली. मागून ताईचा आवाज आला, "छबू, ठेव फोन. मावशीला त्रास नको देऊस."

केवढा मोकळा आवाज होता तिचा...

मी फोन ठेवला. पलंगाच्या उजव्या कडेला बसून राहिले. आताही तिथेच बसून हे लिहितेय.

डावीकडची गादी दबलेली आहे.