शेजारी बसलेली मुलगी

"तिथं बसू नकोस. म्हणजे... बस, पण पडलीस तर मी जबाबदार नाही."

मी दचकून वळले. लॅबमध्ये माझ्याशिवाय कुणी नाही असंच मला वाटत होतं. दारात एक किडकिडीत मुलगा उभा होता, केसांवर पांढरी धूळ. वाघोलीत तेव्हा आमच्या कॉलेजमागे दगडाच्या खाणी होत्या. दुपारी सुरुंग उडाले की लॅबची तावदानं थरथरायची, आणि बंद मॉनिटरच्या काचेत कुणीतरी हलल्याचा भास व्हायचा.

मी खुर्ची हलवून पाहिली. "चांगली तर आहे."

"हो. खुर्ची चांगलीच आहे," तो म्हणाला, आणि मुकाट्यानं बाजूच्या स्टुलावर येऊन बसला.

तो यज्ञेश्वर, कसबा पेठेतला. आदल्या वर्षी परीक्षेलाच बसला नव्हता, म्हणून आमच्या बॅचला आलेला. मी उत्कर्षा, डिप्लोमा करून चंद्रपूरहून आलेली. फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्हा दोघांनाही कुणी पार्टनर नव्हता. सरांनी एका ओळीत दोघांची नावं लिहून टाकली.

प्रोजेक्टचा विषय त्याचाच होता. प्रत्येक माणसाची टाइप करण्याची एक लय असते. बोटं कुठं धावतात, कुठं थबकतात. ती लय न्यूरल नेटवर्कला शिकवायची, आणि मग की-बोर्डवर कोण बसलंय हे त्यानं ओळखायचं. वर्गातल्या सगळ्यांकडून आम्ही एकच वाक्य पुन्हा पुन्हा टाइप करून घेतलं. माझेही नमुने तेव्हाच, जुलैत घेतले. तेव्हा तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

मग हळूहळू... कामापलीकडचंही बोलायला लागला. पुणेरी पद्धतीनं, म्हणजे टोमण्यांतून.

"फझी लॉजिकमध्ये उत्तर 'हो' किंवा 'नाही' नसतं," मी एकदा परीक्षेची उजळणी करत म्हणाले. "किती प्रमाणात, ते असतं. म्हणजे समज, मी तुला किती आवडते?"

"शून्य पूर्णांक तीन."

"फक्त तीन? काहून?"

"हे 'काहून' म्हणतेस ना, त्याचे दोन धरलेत. चहा आणलास तर चार करीन."

मी चहा आणला. कप घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली, आणि मग आम्ही दोघंही उगाचच स्क्रीनकडे बघत बसलो.

सप्टेंबरमध्ये नेटवर्क तयार झालं. पहिली चाचणी माझी. तो शेजारी होता. मी वाक्य टाइप केलं, एंटर दाबलं. स्क्रीनवर नाव उमटलं — हेमा.

"ही कोण? आपल्या वर्गात हेमा नाहीये."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"जुन्या नमुन्यांतलं नाव आहे," तो म्हणाला. "मागच्या बॅचचं. तेही नेटवर्कला दिलेत मी. चुकलं असेल काहीतरी. पुन्हा कर."

पुन्हा केलं. हेमा. मशिन बदललं, खुर्ची बदलली. हेमा. बाहेर लख्ख ऊन होतं, पंखा फिरत होता, तरी माझ्या मानेवर गार हवेची झुळूक आल्यासारखं वाटलं. जणू कुणीतरी पाठीमागं वाकून माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचत होतं.

त्यानंतर रोज तेच. वर्गातल्या बाकी सगळ्यांना ते बिनचूक ओळखायचं. फक्त मीच दिवसेंदिवस माझी उरत नव्हते. आधी नावापुढच्या खात्रीच्या आकड्यात नेटवर्क थोडं तरी चाचरायचं. मग तेही थांबलं. टाइप करताना माझी बोटं मध्येच अडखळायची. ते अडखळणं माझं नव्हतं! मी डिप्लोमाला टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी.

लॅबचे श्यामसुंदरकाका कुलूप लावताना मला म्हणाले, "हेमा याच खुर्चीवर बसायची. यज्ञेशची पार्टनर. दिवाळीच्या सुट्टीत डेंग्यूनं गेली बिचारी. नंतर तो परीक्षेलाच बसला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कधी कधी दार उघडतो ना, तर वाटतं, आत्ताच कुणीतरी उठून गेलंय."

दुसऱ्या दिवशी मी त्याला सरळच विचारलं.

"तुला आवडायची ती?"

"हो."

"तिला माहीत होतं?"

"नाही. सांगायचं होतं. सुट्टीनंतर सांगू म्हटलं, आणि..." त्यानं मान खाली घातली.

"मग तू माझ्याशी बोलतोस ते कुणाशी बोलतोस, यज्ञेश? माझ्याशी, की तिच्याशी?"

मी तिथून उठले. हॉस्टेलवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मेलेल्या मुलीचा हेवा करते आहे, याची लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. आरशात केस विंचरतानासुद्धा मी स्वतःकडे नीट बघेना.

माझी रूममेट वल्लरी आमच्याच वर्गातली. सगळं ऐकून ती खो खो हसली.

"अगं वेडे, परवा मी प्रिंट काढायला आले होते ना, तेव्हा बघितलं. तू एक शब्द टाइप करतेस नि त्याच्याकडे बघतेस. पुढचा शब्द, की पुन्हा त्याच्याकडे! बोटं अडखळतील नाही तर काय?"

मी उठून बसले.

सकाळी लॅब उघडल्या उघडल्या गेले. एकटीच. त्याच खुर्चीवर बसून वाक्य टाइप केलं. सरळ, न थांबता. उत्कर्षा. पुन्हा केलं. उत्कर्षा. मग मी डोळे मिटले, तो शेजारी बसलाय असं मनात आणलं... त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास, हनुवटीखालचा तो छोटा तीळ... आणि टाइप केलं.

हेमा.

मागं खुर्ची हलकेच करकरली. वारा असेल. मी वळून पाहिलं नाही, कारण त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. आणि ते त्याला सांगावं की नाही, तेच कळत नव्हतं. सांगितलं तर तो कदाचित कायमचा तिचाच होऊन जाईल. न सांगता मात्र मला त्याच्याशेजारी बसता आलं नसतं.

संध्याकाळी नगर रोडच्या बस स्टॉपवर त्याला गाठलं. ट्रकमागून ट्रक जात होते.

"नेटवर्क चुकलेलं नाही," मी म्हणाले. "हेमाचे नमुने घेताना तू तिच्या शेजारी बसला होतास?"

"हो. का?"

"बाकी कुणाच्या वेळी नव्हतास. माझ्या जुलैच्या नमुन्यांच्या वेळी तू शेजारी असतास तरी मला काही फरक पडला नसता. आता तसं नाहीये. आता मी प्रत्येक शब्दानंतर तुझ्याकडे बघते. तीही बघत होती, यज्ञेश. अगदी तसंच. नेटवर्क तिला ओळखत नाहीये, मलाही नाही. तुझ्यावर जीव जडलेल्या मुलीला ओळखतंय. तिलाही तू आवडत होतास. एवढंच सांगायचं होतं."

तो स्टॉपच्या कठड्यावर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची बस आली, गेली. मग मी थांबले नाही.

त्यानंतर बरेच दिवस तो कॉलेजला फिरकला नाही. मी एकटीच रिपोर्ट लिहीत बसायचे, शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे न बघता. मग एका दुपारी खाणीत सुरुंग उडाला, तावदानं थरथरली, आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"तिच्या घरी जाऊन आलो," तो म्हणाला. "तिच्या आईला सांगितलं सगळं. आई म्हणाली, घरात रोज तुझंच नाव असायचं. खूप रडलो. मग घरी येताना मनात आलं, हे आधी उत्कर्षाला सांगायचंय. तिला नाही... तुला. कळलं?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी विचारलं होतंस ना, मी कुणाशी बोलतो ते? तुझ्याशी. पुन्हा सुट्टीनंतरवर ढकलायचं नाहीये मला. मला तू आवडतेस. आणि किती प्रमाणात ते विचारू नकोस, दशांश चिन्हात बसत नाही."

मी हसले, आणि रडलेही. त्यानं माझा हात हातात घेतला. तळवा घामानं ओला झाला होता त्याचा.

"तिचे नमुने काढून टाकू का?" त्यानं हळूच विचारलं. "तुला भीती वाटत असेल तर."

मी खोलीभर नजर फिरवली. बंद मॉनिटरच्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो, आणि आमच्यामागं थोडा अंधार. का कोण जाणे, मानेवरच्या त्या गार झुळकेची मला आता भीती वाटत नव्हती.

"नको," मी म्हणाले. "राहू दे तिला."