पाठमोरी पानं

"माझ्या बायकोची वेल चोरीला गेली आहे," आजोबा म्हणाले, "आणि ती दिवाणखान्यातच उभी आहे."

तपासनीस बाईंचे दीर चहात बिस्कीट बुडवायचे थांबले. बाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे चोरी झालीच नाही?" दिरांनी विचारलं.

"भाऊजी, खा तुम्ही."

तक्रार सरळ होती. आजोबांच्या दिवंगत पत्नीने बोटभर फांदीपासून एक मॉन्स्टेरा वाढवली होती. मोठ्या, भोकाभोकांच्या पानांची वेल. टेबलफॅन लागून तिच्या खालच्या पानाला खाच पडली होती. आता ती खाच दिसत नव्हती. मुलगा म्हणे, ते पान गळलं असेल. आजोबा म्हणत, वेलच बदलली.

"त्याने मानसोपचारतज्ज्ञ शोधलाय. भ्रमिष्ट ठरलो की माझी रवानगी वृद्धाश्रमात. माहितीपत्रक आलंय घरी, तेही रंगीत!"

आजोबांच्या दिवाणखान्यात वेल खिडकीशी उभी होती. बाईंनी कुंडीत बोट घातलं, ते चिखलाने माखून बाहेर आलं. चिलटं उडाली. वेलीचा आधार असलेला काथ्याचा खांब मात्र कोरडा ठणठणीत होता. खोडाची मुळं हवेत लोंबत होती आणि वेल नव्या दोऱ्याने खांबाला बांधलेली होती.

"पानं कशी सगळी सोफ्याकडे तोंड करून आहेत," दीर म्हणाले. "आपल्याकडेच बघतात."

"तेच खटकतंय मला."

आजोबांनी मगभर पाणी कुंडीत ओतलं. "रोज सकाळी. बायकोही मग घेऊन इथेच उभी असायची. मी पेपर वाचताना बघायचो."

शेजारणीने दारातच हात झटकले. "फांदी मागत होते, कबूल. 'पुढच्या वर्षी' म्हणत त्यांनी मला झुलवलं. पण चोरून ठेवू कुठे? आमचा बोका प्लास्टिकची फुलंसुद्धा सोडत नाही." मागच्या फुलदाणीत नुसत्या तारा उभ्या होत्या.

मुलाचं चष्म्याचं दुकान तळघरात होतं. खिडकी नाही, दिवसाही ट्यूबलाइट. "बाबांनी वैताग आणलाय हो! डॉक्टरची वेळ घेतो, तर दर वेळी आमच्या हिचं काहीतरी निघतं. कधी पाहुणे, कधी पाठ. दोन्ही खोटं, मला काय कळत नाही?"

सून दाताच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळायची. टेबलावर पाण्याची फवाऱ्याची बाटली होती.

"ही कशाला?" दिरांनी विचारलं.

"खिडकीच्या काचेसाठी."

बाईंनी काचेकडे पाहिलं. तिच्यातून पलीकडचा रस्ता धड दिसत नव्हता.

संध्याकाळी सगळे आजोबांच्या दिवाणखान्यात जमले.

"आजोबांचं डोकं ठिकाणावर आहे," बाई म्हणाल्या. "वेल बदललेली आहे. खिडकीशी वाढलेल्या वेलीची पानं उजेडाकडे वळतात. ही खिडकीला पाठ करून उभी आहे, म्हणजे नुकती आली. घाईत कोणीतरी शोभेची बाजू सोफ्याकडे ठेवली."

"कोणी?" मुलगा उसळला.

"शेजारीणबाईंकडे बोका. तुमच्या दुकानात उजेड नाही. राहिलं कोण? जिच्या टेबलावर फवारा आहे, पण ती सांगते ती काच मळकीच आहे. आणि जी सासऱ्यांना डॉक्टरकडे जाऊ देत नाही, कारण त्यांना वेड लागलेलं नाही हे फक्त तिलाच पक्कं माहीत आहे."

सुनेने पर्स सोफ्यावर आपटली. "हो, मी नेली! दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहे. जिवंत आहे! किती वेळा सांगितलं, बाबा, रोज पाणी नको. ऐकलंत? मुळं कुजत होती. ही त्यानंतरची तिसरी आहे. आधीच्या दोन बुडवल्यात तुम्ही!"

"तुझी सासू रोज घालायची!"

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"कुंडीत ओतताना पाहिलंत?"

आजोबा कोरड्या खांबाकडे बघू लागले.

"खांबाला लावायच्या त्या," सून म्हणाली. "ओल्या फडक्याने. खांब ओला असला की मुळं धरतात. कुंडीत पाणी माती सुकल्यावरच. तुम्हाला पेपराच्या वरून नुसता मग दिसायचा."

"मग मला सांगायचं नाही का, वेल तू नेलीस म्हणून?"

"सांगून? दुसऱ्या दिवशी घरी आणून पुन्हा बुडवली असतीत!"

मुलगा माहितीपत्रकाची घडी घालू लागला. ते आजोबांनी हातातून ओढून घेतलं आणि भिजलेल्या कुंडीखाली सारलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर बसले होते.

"दात दुखतोय का?" दंतवैद्याने विचारलं.

"नाही."

सुनेने त्यांना मागच्या खोलीत नेलं. खाचेचं पान खिडकीकडे तोंड करून होतं. आजोबांनी खाचेवरून बोट फिरवलं. तिने ओलं फडकं पिळून त्यांच्या हातात दिलं.

"खालून वर. हलक्या हाताने... बाबा, खांब पुसायचाय, घासायचा नाही! द्या इकडे. नाही, राहू दे. करा तुम्हीच."